सगळी देणी एका कागदावर
वऱ्हाडातील कर्जसल्ल्याच्या संस्थेचा इतिहास

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास छापला जातो तेव्हा पायाभरणीचे साल, पहिल्या अध्यक्षांचे छायाचित्र, इमारतीचा विस्तार आणि देणगीदारांची यादी असा त्याचा क्रम ठरलेला असतो. इथे ज्या संस्थेचा इतिहास लिहायचा आहे तिच्यापाशी यांतले काहीच नाही. तिचे नाव पुनःपुन्हा बदलले. तिचा कारभार कधी मंडळाकडे, कधी न्यायालयाकडे, कधी बँकेकडे, तर कधी सहकार खात्याच्या कचेरीत गेला. तिच्यामुळे ज्यांचे शेत वाचले त्यांनी तिचा वर्धापनदिन केला नाही, कारण आपण एकेकाळी देण्यात बुडालो होतो हे कोणी चारचौघांत सांगत नाही. तरीही नव्वद वर्षांहून अधिक काळात, मधली काही दशके सोडली तर, वऱ्हाडात कोणत्या ना कोणत्या रूपात एक सार्वजनिक ठिकाण राहिले आहे. देणेकरी माणसाने तिथे आपला हिशेब घेऊन जावे आणि दिवाणी दाव्याच्या खर्चात न पडता वाट विचारावी, असे ते ठिकाण. कर्जसल्ला ही संस्था म्हणायची ती या अर्थाने. तिच्या इतिहासातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. देणेकऱ्याची सगळी देणी एका कागदावर आली आणि सगळे घेणेकरी एका टेबलाशी बसले, तेव्हाच सल्ल्याचा उपयोग झाला. पुढे या संस्थेला अधिकार मिळाले, निधी मिळाला, जाहिरातही मिळाली. तो एक कागद मात्र हरवला.

वऱ्हाडात कर्ज वाढले ते कापसाबरोबर. १८५३ साली निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला, पुढच्या दशकात रेल्वे आली, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला आणि ज्वारीच्या शेतात कापूस शिरला. कापूस खाता येत नाही, विकावा लागतो. म्हणून जे पीक रोख आणते तेच पेरणीपासून वेचणीपर्यंत रोख मागते. आषाढात बियाण्याला पैसा हवा आणि कापसाचा चुकारा दिवाळीच्या पुढे, या मधल्या महिन्यांवर सावकारी उभी राहिली. दाण्याची उसनवारी सवाईने आणि दिढीने फेडायची, पैशाचे व्याज मुद्दलात मिसळत जायचे आणि शेवटी गहाणखताचे खरेदीखत व्हायचे. बाजाराला मात्र नियम लवकर लागले. कारंजा येथे १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, तो देशातला पहिला मानला जातो. १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. काट्यावर कोणी बसावे, अडत किती घ्यावी, हे सरकारने ठरवून दिले. पण शेतकऱ्याचे नाव ज्या वहीत लिहिले होते ती वही कशी ठेवावी आणि ऋणकोला वर्षाचा हिशेब द्यावा की नाही, हे सांगणारा, वऱ्हाड ज्यात मोडे त्या मध्य प्रांताचा सावकारी कायदा १९३४ साली आला. तराजू आणि वही यांच्यात सदतीस वर्षांचे अंतर पडले. या प्रांताच्या कारभाराची तऱ्हा त्या अंतरात पुरेशी दिसते.

त्या काळात वऱ्हाडातल्या गावोगाव मिळणारा फुकट सल्ला एकच होता आणि तो कीर्तनातून येई. १८७६ साली शेंडगावला जन्मलेल्या गाडगेबाबांच्या घराने सावकारी जवळून पाहिली होती. त्यांच्या मामाची जमीन सावकाराच्या कागदात गेल्याची हकीकत त्यांच्या चरित्रांत आहे. कर्ज काढून सण करू नका, कर्ज काढून लग्नाच्या पंगती घालू नका, हे बाबा साध्या बोलीत प्रश्न विचारत, श्रोत्यांकडूनच उत्तर काढत सांगत. या सल्ल्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. वायफळ खर्चाची लाज वाटायला लावणे हे काम कोणत्याही कायद्याला साधलेले नाही. पण तो सल्ला कर्ज घेण्याआधीचा होता. ज्याने बियाण्यासाठी, बैलासाठी किंवा आजारपणासाठी आधीच पैसे उचलले आहेत आणि ज्याच्या दारात एकाऐवजी चार घेणेकरी उभे आहेत, त्याने कोणाला आधी द्यावे आणि किती द्यावे, हा प्रश्न कीर्तनात सुटणारा नव्हता. तिथे वही उघडून बसणारा माणूस हवा होता.

असा माणूस नेमण्याचा पहिला प्रयत्न वऱ्हाडात झाला नाही, दख्खनमध्ये झाला. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली आणि कर्जरोखे जाळले. हे लोण नगर जिल्ह्यातही पसरले. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. या कायद्यात समेटकार नावाची एक तरतूद होती. शेतकऱ्यावर दावा लावण्याआधी सावकाराने समेटकारापुढे जायचे, तडजोडीचा प्रयत्न फसला तर त्याचा दाखला घ्यायचा आणि मगच कोर्टाची पायरी चढायची. कल्पना चांगली होती, पण समेटकारासमोर एका वेळी एकच सावकार आणि एकच दावा येई. त्या दाव्यात शेतकऱ्याने मान्य केलेला हप्ता दुसऱ्या सावकाराच्या हप्त्याशी जुळतो का, हे पाहणारे कोणी नव्हते. समेट कागदावर होई आणि शेतकरी तो पाळण्यासाठी तिसऱ्याकडून पैसे उचली. पुढे ही तरतूद मागे पडली. तिचा धडा मात्र १९३३ साली नागपूरच्या कायदेमंडळात कामी आला.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले. कर्ज तेजीच्या भावात घेतलेले होते आणि फेड मंदीच्या भावात करायची होती, म्हणजे तेवढ्याच रुपयांसाठी आता कितीतरी अधिक कापूस विकावा लागणार होता. देशभरच्या ग्रामीण कर्जाचा आकडा केंद्रीय बँकिंग चौकशी समितीने १९३१ साली सुमारे ९०० कोटी रुपये धरला होता. तो मंदीची पुरती झळ बसण्याआधीचा होता. अशा वेळी १९३३ चा मध्य प्रांत कर्ज समेट कायदा झाला. बॅरिस्टर पंजाबराव देशमुख १९३० पासून प्रांताच्या मंत्रिमंडळात होते. पापळच्या शेतकऱ्याचा हा मुलगा पुढे १९५२ ते १९६२ या काळात देशाचा कृषिमंत्री झाला. या कायद्यामागचा त्यांचा वाटा वऱ्हाडात आजही अभिमानाने सांगितला जातो. वऱ्हाडी बोलण्यात कायद्याला 'कर्ज लवाद कायदा' हे नाव रुळले. नाव थोडे चुकीचे आहे, आणि ती चूक समजून घेण्यासारखी आहे. लवाद निवाडा देतो आणि तो दोघांना बांधतो. या कायद्याने नेमलेल्या समेट मंडळाला निवाडा देण्याचा अधिकार नव्हता. समेट घडवणे एवढेच त्याचे काम होते. तरीही लोकांना ते लवादासारखे वाटले, याचे कारण त्याच्या कामाच्या रीतीत सापडते.

रीत अशी होती. ज्याची उपजीविका शेतीवर आहे असा देणेकरी मंडळाकडे अर्ज करी. घेणेकऱ्यालाही अर्ज करता येई. मग मंडळ त्या माणसाच्या सगळ्या घेणेकऱ्यांना जाहीर नोटीस काढी. आपले येणे किती, मुद्दल किती, व्याज किती, गहाण काय, हे ठराविक मुदतीत लेखी मांडा. जो मांडणार नाही त्याचे येणे फिटले असे धरले जाईल. हे एक कलमच साऱ्या कायद्याचा कणा होते. त्यामुळे घरात न बसता सावकार मंडळासमोर आला. देणेकऱ्यालाही आपली मालमत्ता आणि आपली सगळी देणी शपथेवर सांगावी लागत. अनेकदा आपण कोणाचे किती लागतो हे त्यालाच तिथे पहिल्यांदा एकत्र दिसत असणार. मग बोलणी होत. एकूण कर्जापैकी शेकडा ४० इतके येणे ज्यांचे आहे असे घेणेकरी तडजोडीला राजी झाले की मंडळ करार लिहून नोंदवी. जो घेणेकरी वाजवी देकार नाकारी त्याच्याविरुद्ध मंडळ देणेकऱ्याला दाखला देई. असा दाखला असला की त्या सावकाराला पुढे कोर्टात खर्च मिळत नसे, शेकडा ६ पेक्षा जास्त सरळ व्याज मिळत नसे आणि करारातल्या लोकांचे पैसे फिटेपर्यंत त्याची वसुली मागे राही. शिवाय कराराचा हप्ता थकला तर तो जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल करण्याची सोय होती. याचा अर्थ असा की मंडळाने सावकाराला दोन गोष्टी एकदम सांगितल्या: येणे कमी कर, म्हणजे ते खात्रीचे होईल, हट्ट धरलास तर तुझा नंबर शेवटचा. हुकूम न देता माणसाला शहाणपणाकडे ढकलण्याची याहून नेमकी रचना या प्रांतात नंतर झालेली नाही, असे माझे मत आहे. पंजाबने १९३४ साली आणि बंगाल, आसाम, मद्रासने त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत असेच कायदे केले. वऱ्हाडचा शेतकरी ज्या प्रांतात होता तो या बाबतीत देशाच्या पुढे होता, ही गोष्ट आज वऱ्हाडातही फारशी सांगितली जात नाही.

मंडळांवर टीका झाली आणि ती सगळी सावकारी बाजूची नव्हती. पहिला आक्षेप असा की मंडळांमुळे शेतकऱ्याची पत आटली. येणे कापले जाणार असे दिसल्यावर सावकाराने हात आखडता घेतला आणि पेरणीच्या तोंडावर नवे कर्ज मिळेना. आक्षेप खरा आहे, पण त्याचा अर्थ तपासायला हवा. जी पत आटली ती जमीन गिळायच्या आशेवर दिली जाणारी पत होती. तिच्या जागी दुसरी यायला हवी होती आणि ती देण्याचे काम सहकारी पतपेढ्यांचे होते. त्या स्वतःच मंदीत रुतल्या होत्या. अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीचा १९५४ सालचा अहवाल सांगतो की १९५१-५२ मध्ये शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा शेकडा ३ च्या आसपास आणि व्यापारी बँकांचा शेकडा १ हूनही कमी होता, तर सावकारांचा मिळून सुमारे शेकडा ७०. नवे कर्ज देणारी यंत्रणा नव्हती हा दोष जुने कर्ज निस्तरणाऱ्या मंडळाच्या माथी मारणे म्हणजे जखम बांधणाऱ्यालाच जेवण का दिले नाहीस म्हणून विचारणे. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. करार झाले, पण हप्ते फिटले नाहीत. कापसाचा भाव सावरायला वर्षे लागली आणि कोरडवाहू शेताचे उत्पन्न करारातल्या तारखा पाळत नाही. इथे मंडळाची उणीव मान्य केलीच पाहिजे. ते एकदा बसे, करार लिही आणि उठे. पुढच्या वर्षी पाऊस फसला तर हप्ता फिरवून देणारे, पुन्हा बसणारे कोणी उरत नसे. त्यातच महसुलासारख्या वसुलीचे हत्यार देणेकऱ्यावरच उलटे. म्हणून सल्ला एकदाच देऊन भागत नाही, तो कर्ज फिटेपर्यंत सोबत चालावा लागतो.

१९३९ हे वर्ष या इतिहासात मुद्दाम थांबण्यासारखे आहे. त्या साली मध्य प्रांत आणि वऱ्हाडात कर्जनिवारण कायदा झाला, समेट मंडळांची पद्धत मागे पडली आणि कर्जनिवारण न्यायालये आली. न्यायालयाला समेटाची वाट पाहायची नव्हती. कर्ज जितके जुने तितकी मोठी छाट, अशा कोष्टकाने ते रक्कम कमी करी आणि हप्ते बांधून देई. अधिकार वाढला, संवाद संपला. त्याच साली, महायुद्ध सुरू झाल्यावर लगेच, सप्टेंबर महिन्यात ब्रिटनमध्ये नागरिक सल्ला केंद्रे उघडली. सुरुवातीलाच सुमारे २०० केंद्रे होती आणि बहुतेक ठिकाणी स्वयंसेवक बसत. घरातला कर्ता सैन्यात गेला आणि हप्ते थकले, अशा कुटुंबांच्या अडचणी तिथे ऐकल्या जात. त्या केंद्रांना छाट करण्याचा अधिकार नव्हता, आजही नाही. पण ती टिकली आणि कर्जसल्ला हे त्यांचे मोठे काम बनले. कारण तिथला स्वयंसेवक आधी माणसाची जमा, खर्च आणि देणी एका तक्त्यात लिहितो आणि मग घेणेकऱ्यांशी त्याच्या वतीने बोलतो. आपल्या मंडळांनी सहा वर्षे आधी हेच केले होते. ब्रिटनच्या केंद्रांनी अधिकार नसताना सल्ला जपला, आपण अधिकार हाती आल्यावर सल्ला सोडला. कोणी म्हणेल की ब्रिटनचा साक्षर समाज आणि वऱ्हाडचा अंगठा उठवणारा शेतकरी यांची तुलना गैर आहे. उलट आहे. ज्याला वाचता येत नाही त्यालाच कागद वाचून दाखवणारा माणूस अधिक हवा असतो.

स्वातंत्र्यानंतरचा काळ लवकर सांगून टाकता येईल. कर्जाचा प्रश्न आता सल्ल्याचा राहिला नाही, तो पुरवठ्याचा आणि माफीचा झाला. १९७५ साली आणीबाणीत महाराष्ट्राने अध्यादेश काढून अल्पभूधारक शेतकरी, शेतमजूर, कारागीर आणि कमी उत्पन्नाचे कामगार यांची सावकारी देणी रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालाने हा कायदा वैध ठरवला. पुढे २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यांत अमरावती आणि अकोला होते. २००८ ची देशव्यापी माफी, २०१७ ची राज्याची दीड लाखापर्यंतची आणि २०१९ ची दोन लाखांपर्यंतची माफी त्यानंतर आल्या. इथे सर्वांत मोठा आक्षेप उभा राहतो, आणि गावच्या पारावर तोच ऐकू येतो: सल्ला काय चाटायचा आहे, खिशात पैसा नाही, माफी द्या. या बोलण्यात तथ्य आहे. भावच परवडत नसेल तर हिशेब कितीही नीट मांडला तरी बेरीज तूटच दाखवील. पण माफीने काय झाले तेही पाहावे. २००८ ची पूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला होती. कोरडवाहू वऱ्हाडात तीन हेक्टरवालाही ओलिताच्या लहान शेतकऱ्याइतका कमावतोच असे नाही, आणि त्याला उरलेले भरल्यावर २५ टक्के सवलत मिळायची होती. या तिन्ही माफ्या संस्थात्मक शेतीकर्जापुरत्या राहिल्या. सावकाराचे, सोनाराचे, कृषी सेवा केंद्राच्या उधारीचे आणि मुलीच्या लग्नाचे देणे जिथल्या तिथे राहिले. बँकेचे खाते कोरे झाले तरी माणूस कोरा झाला नाही. माफी आणि सल्ला यांत निवड करायची नसते. आधी सल्ल्याच्या टेबलावर सगळी देणी मांडली गेली असती, तर माफी कोणत्या देण्याला हवी हे सरकारलाही कळले असते.

दरम्यान सल्ल्याची संस्था पुन्हा उगवली ती दोन वेगळ्या अंगणांत. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, तो अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ रोजी. त्याने जिल्ह्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्यात समिती दिली, मोफत वकील दिला आणि लोकअदालतीला कायद्याचा पाया दिला. लोकअदालतीतला तडजोडीचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा असतो, त्यावर अपील नाही आणि दावा दाखल असेल तर भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते. म्हणजे १९३३ च्या मंडळाकडे जे नव्हते ते हिच्याकडे आहे. पण कर्जाच्या प्रकरणांत लोकअदालतीची नोटीस कोण काढायला लावते? बँक किंवा वित्त कंपनी. दाखलपूर्व प्रकरणांचे गठ्ठे ती घेऊन येते आणि एकरकमी तडजोडीचा आकडा टेबलावर ठेवते. समोर बसलेल्या माणसाची आणखी तीन ठिकाणची देणी त्या टेबलावर नसतात. तो सही करतो आणि ती रक्कम भरायला चौथ्याकडे जातो. १८७९ च्या समेटकाराचीच चूक दीडशे वर्षांनी नव्या सभागृहात होत आहे. दोष न्यायाधीशांचा किंवा पॅनेलवरच्या वकिलांचा नाही. देणेकऱ्यानेच आधी अर्ज करून सगळ्या घेणेकऱ्यांना बोलवावे, ही वाट रुळलेली नाही.

दुसरे अंगण रिझर्व्ह बँकेचे. बँक ऑफ इंडियाने मुंबईत 'अभय' नावाने कर्जसमुपदेशनाचे केंद्र चालवले. मग रिझर्व्ह बँकेने २००९ च्या फेब्रुवारीत वित्तीय साक्षरता आणि पतसमुपदेशन केंद्रांची आदर्श योजना अग्रणी बँकांना दिली. अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांत अग्रणी बँक सेंट्रल बँक ऑफ इंडिया आहे. योजनेचे शब्द उत्तम होते: समुपदेशन मोफत, केंद्र बँकेच्या कामकाजापासून अंतर राखून आणि अडचणीत येण्याआधी तसेच नंतरही मदत. २०१२ साली मात्र योजना बदलली. नाव वित्तीय साक्षरता केंद्र झाले आणि भर खाते उघडण्यावर, बचतीवर आणि शिबिरांवर गेला. शिबिर मोजता येते, किती माणसे आली ते लिहिता येते. एका माणसासोबत सहा महिने बसून त्याची चार देणी मार्गी लावली तर अहवालात एकच आकडा दिसतो. बँकेच्या पगारावरचा माणूस बँकेविरुद्ध सल्ला कसा देईल, हा आक्षेपही इथे रास्त आहे. त्यावर उत्तर एकच संभवते: समुपदेशक कोणाच्या पगारावर आहे यापेक्षा तो कोणाचा कागद आधी उघडतो हे पाहावे. कर्जदाराचा तक्ता आधी उघडला तर बँकेचा माणूसही उपयोगी ठरतो. नुसते पत्रक वाटले तर स्वतंत्र माणूसही निरुपयोगीच.

या दोहोंच्या मध्ये सहकार खाते उभे आहे. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा १६ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. जिल्हा उपनिबंधक हाच सावकारांचा जिल्हा निबंधक. शेतकऱ्याला तारण कर्जावर वार्षिक ९ टक्के आणि विनातारण १२ टक्के, इतरांना १५ आणि १८ टक्के, याहून जास्त व्याज परवानाधारक सावकाराला घेता येत नाही. व्याज मुद्दलापेक्षा अधिक वसूल करता येत नाही, म्हणजे जुना दामदुप्पटीचा नियम इथेही आहे. सावकारीच्या ओघात पंधरा वर्षांच्या आत घेतलेली जमीन चौकशीअंती परत देण्याचा अधिकार कलम १८ ने निबंधकाला दिला. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. कायदा दणकट आहे. पण तो तक्रारीने हलतो, आणि सावकाराविरुद्ध तक्रार करायची म्हणजे पुढच्या जूनमध्ये ज्याच्या दारी जायचे त्याच्याशीच वैर घ्यायचे. १९३३ च्या मंडळात सावकार साक्षीदारासारखा येई, इथे तो आरोपी म्हणून येतो. काही सावकारांना आरोपीच करायला हवे, यात वाद नाही. पण ज्याला जमीन परत नको आहे, फक्त व्याज थांबवून चार वर्षांत मुद्दल फेडायचे आहे, त्याच्यासाठी या कायद्यात बसायला टेबल नाही.

नांदगाव पेठ हे गाव या साऱ्या इतिहासाच्या नेमक्या वळणावर आहे. अमरावतीच्या उंबरठ्यावर, नागपूरच्या महामार्गावर, टोलनाक्यासाठी परगावच्या माणसालाही ठाऊक. शिवारात एमआयडीसी आली, कापडगिरण्या आल्या, १,३५० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र आले, आणि २०२४ च्या सप्टेंबरात पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यानाचे भूमिपूजन झाले. अशा गावात कर्ज एका जातीचे राहत नाही. एकाच घरात बापाचे पीककर्ज, मुलाचा मोटारसायकलचा हप्ता, सुनेचे गटावरचे मायक्रोफायनान्स आणि मोबाइलच्या ॲपवरून रात्रीत उचललेले पाच हजार, असे चारही प्रकार असू शकतात. प्रत्येकाचा नियम वेगळा. मायक्रोफायनान्सला २०२२ पासून नियम आहे की घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून पुढे जाऊ नयेत, आणि वसुलीचा माणूस सकाळी नऊच्या आधी व संध्याकाळी सहाच्या पुढे दारात येऊ नये. बँक किंवा वित्त कंपनीने तक्रारीला तीस दिवसांत समाधानकारक उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक योजनेखाली लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. हे नियम चांगले आहेत. पण पीककर्ज एका खिडकीत, गटाचे कर्ज दुसऱ्या, सावकाराचे तिसऱ्या आणि ॲपचे बहुधा कोणत्याच खिडकीत नाही. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत अगदी गरीब माणसासाठी नव्याने सुरुवात करण्याची तरतूद लिहिली आहे: वार्षिक उत्पन्न ६०,००० आणि देणी ३५,००० रुपयांपर्यंत असलेल्याला कर्जमुक्ती. ते प्रकरण अजून अमलातच आणलेले नाही. इथल्या सामान्य माणसाची नादारी आजही १९२० च्या प्रांतिक कायद्यावर चालते.

शेवटचा आक्षेप स्थानिकपणावरचा आहे. सल्ला गावाजवळ मिळावा असे म्हणणे सोपे, पण गावात गुपित राहत नाही. कर्जसल्ल्याच्या दारात दिसलेल्या माणसाला दुकानदार दुसऱ्या दिवशी उधार देत नाही आणि मुलीच्या सोयरिकीची बोलणी थांबतात. हा आक्षेप हसण्यावारी नेता येत नाही. म्हणून टेबल गावाच्या चावडीत नको. ते एका बाजाराच्या अंतरावर असावे, जिथे माणूस दहा कामांसाठी जातो आणि त्यातलेच एक करून येतो. १९३३ चा कायदा जिल्ह्यासाठी किंवा जिल्ह्याच्या एखाद्या भागासाठी मंडळ नेमा, असेच म्हणत होता. नांदगाव पेठेच्या बाबतीत ते अंतर अमरावतीचे आहे, आणि जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आधीच आहे. नवी इमारत, नवे नाव आणि नवा फलक यांची गरज नाही. विधी स्वयंसेवकाने देणेकऱ्याचा एक तक्ता भरावा, लोकअदालतीची नोटीस त्या तक्त्यातल्या सगळ्या घेणेकऱ्यांना एकदम जावी, आणि एका पावसाळ्यानंतर तोच तक्ता पुन्हा उघडावा. एवढे झाले तर हरवलेले मंडळ परत आले असे म्हणता येईल.

तोवर वाचकाने इतके ध्यानात ठेवावे. विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे प्रत्येक स्त्रीला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, अपंग व्यक्तीला आणि औद्योगिक कामगाराला उत्पन्नाची अट न लावता मोफत सेवा मिळते. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. म्हणजे एमआयडीसीतला कामगार आणि गटाचा हप्ता भरणारी बाई या दोघांनाही आजच हक्क आहे. राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक १५१०० असून तोही फुकट आहे. जाताना सातबारा, बँकेचे पासबुक, गटाचे कार्ड, सोनाराची पावती, मोबाइलवरचे ॲपचे संदेश, सगळे न्यावे; घरच्यांपासून लपवून ठेवलेली चिठ्ठीही.